फोर्टनाइट म्हणजे नक्की किती दिवस?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी बातमीतला 'फोर्टनाइट' मराठीत उतरताना सर्रास 'पंधरा दिवस' होतो. वास्तविक हा 'चौदा रात्री' या जुन्या इंग्रजी शब्दजोडीचा आक्रसलेला अवशेष. जर्मानिक टोळ्या दिवसांऐवजी रात्री मोजत, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने केली आहे. सात रात्रींचा 'सेनाइट' केव्हाच मोडीत निघाला. फोर्टनाइट ब्रिटन-ऑस्ट्रेलियात अजून रोजच्या बोलण्यात आहे, अमेरिकेत मात्र तो जुनाट वाटतो. आपल्याकडची मुले त्याला व्हिडिओ गेम म्हणून ओळखतात, ते वेगळेच!

मराठी माणूस दोन्ही टोके धरून मोजतो. सोमवारी 'आठ दिवसांनी या' म्हटले की पुढच्या सोमवारीच जायचे. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे त्याच्या पुढचा सोमवार. बोलताना याने काही बिघडत नाही, मुदतीच्या बातमीत बिघडते. १ तारखेला दिलेली फोर्टनाइटची मुदत १५ ला संपते. आपला वाचक पंधरा मिळवून १६ धरून बसतो. सिडनीत पगार फोर्टनाइटला होतो, म्हणजे वर्षाला २६. 'महिन्यातून दोनदा' असे भाषांतर केले की २४ उरतात, दोन पगार भाषांतरकाराच्या खिशात!

मी बँकेत होतो. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात फोर्टनाइट म्हणजे शनिवारपासून दुसऱ्या शुक्रवारपर्यंत, चोख चौदा दिवस. त्या 'रिपोर्टिंग फ्रायडे'ला ठेवी आणि कर्जांचे आकडे वर कळवल्याखेरीज कोणी घरी जायचे नाव काढत नसे. २०२५ च्या बँकिंग कायदे (दुरुस्ती) कायद्याने ही व्याख्याच बदलली: १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर. म्हणजे मार्चचा दुसरा फोर्टनाइट सोळा दिवसांचा आणि फेब्रुवारीचा, लीप वर्ष नसेल तर, तेरा दिवसांचा. तेरा दिवसांचा पक्ष पंचांगात क्वचितच येतो आणि अशुभ मानतात. बँकांच्या नशिबी तो आता जवळजवळ दरवर्षीचा.

तेव्हा परदेशी बातमीत 'दोन आठवडे' लिहावे, मुदतीचा प्रश्न असेल तर सरळ तारीख छापावी. बँकांच्या बातमीत 'पंधरवडा' खुशाल राहू द्या, तिथे तो आता कायद्याने बरोबर ठरला आहे.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली