पालकत्वाच्या पुस्तकाचे वय आधी पाहावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बाळाची चाहूल लागलेल्या दांपत्यांनी कोणती पुस्तके वाचावीत, याची यादी आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध झाली, याबद्दल आपले आभार. प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि चार ओळींचा परिचय त्यात होता. मात्र कोणत्या वर्षीची आवृत्ती वाचावी, याचा उल्लेख एकाही ठिकाणी आढळला नाही. कादंबऱ्यांच्या यादीत ही उणीव कोणाला जाणवलीही नसती. गर्भारपण आणि तान्ह्या बाळाचे संगोपन या विषयांत मात्र आवृत्तीचे वर्ष हीच पहिली कसोटी ठरते, असे ग्रंथालयात पुस्तकांच्या देवघेवीचे काम करताना माझे मत झाले आहे, आणि त्यासाठीच हा पत्रप्रपंच.

बाळाला झोपवावे कसे, एवढाच प्रश्न घेऊ. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील पुस्तक १९४६ मध्ये निघाले आणि अनेक भाषांतून कोट्यवधी प्रतींनी घरोघरी पोचले. त्याच्या १९५० च्या दशकातील आणि त्यानंतरच्याही काही आवृत्त्यांत बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला होता. त्यामागचे कारण ऐकायला अगदी पटण्याजोगे होते : उताण्या बाळाला उलटी झाली तर ते गुदमरेल. पुढे पुरावा जमा होत गेला, तो नेमका उलट निघाला. पालथ्या झोपणाऱ्या बाळांना झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका अधिक असल्याचे स्पष्ट झाले आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ब्रिटन, अमेरिका आदी देशांत बाळाला पाठीवर झोपवण्याच्या मोहिमा निघाल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत तिथले असे मृत्यू निम्म्याहूनही खाली आले. स्पॉक यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, आणि पालकांनी स्वतःवर विश्वास ठेवावा हे त्यांचे सांगणे आजही मोलाचे आहे. अडचण अशी की, जुन्या आवृत्तीतले ते पान कपाटात तसेच राहते, आणि त्याची भाषा आजही तितकीच ठाम असते.

असे बदल विरळाही नाहीत. निव्वळ स्तनपान किती काळ करावे, याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २००१ पर्यंत चार ते सहा महिने अशी होती, ती त्या वर्षी पूर्ण सहा महिने झाली. ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या मुलांना तीन वर्षांचे होईपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना २००० मध्ये सांगत होती. २०१५ मध्ये लंडनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा अशाच बाळांना वयाच्या पहिल्या वर्षातच, योग्य स्वरूपात शेंगदाणा सुरू केल्यास पुढे ॲलर्जीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटते, असे दिसले. दोन्ही सल्ले आपापल्या काळी तज्ज्ञांनीच दिलेले होते.

अशा बदलांपैकी बाळाच्या वाढीच्या आलेखाची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिचा संबंध थेट आईच्या मनाशी आहे. पूर्वी जगभर वापरला जाणारा वजनाचा आलेख मुख्यतः बाटलीच्या दुधावर वाढलेल्या अमेरिकन बाळांच्या मोजमापांवर बेतलेला होता. अंगावर पिणारी बाळे पहिले दोन-तीन महिने भराभर वाढतात आणि नंतर त्यांचा वेग मंदावतो. साहजिकच त्या आलेखावर ती मागे पडल्यासारखी दिसत, आणि आपले दूध पुरत नाही असा समज होऊन वरचे दूध सुरू करण्याची वेळ येई. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील स्तनपानावर वाढलेल्या बाळांची मोजमापे घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये नवे आलेख दिले. त्याआधी छापलेले पुस्तक आज एखाद्या आईच्या हाती पडले, तर उत्तम वाढणाऱ्या बाळाविषयी ते तिला विनाकारण काळजीत टाकेल.

म्हणून मोठ्या बहिणीने किंवा मैत्रिणीने प्रेमाने दिलेले पुस्तकही उघडून आधी आवृत्तीचे पान पाहावे. पुनर्मुद्रण आणि सुधारित आवृत्ती यांत फरक असतो. ताज्या पुनर्मुद्रणातही मजकूर वीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. जुने पुस्तक टाकूनच द्यावे, असे मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या महिन्यांतला थकवा, पती-पत्नींमधील चिडचिड, घरात आलेल्या नव्या जिवाशी हळूहळू जुळत जाणारे नाते यांविषयी समंजसपणे लिहिलेली प्रकरणे लवकर जुनी होत नाहीत. औषधे, आहार, झोप आणि लसी यांची प्रकरणे तेवढी त्यातून वाचू नयेत.

वर्षाची खात्री झाली की पुस्तकाची बोलण्याची रीत पाहावी. ‘बाळ बाराव्या महिन्यात चालते’ असे वाक्य लिहिणारा लेखक तेराव्या महिन्यातल्या बाळाच्या आईबापांची झोप उडवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात निरोगी मुले आधाराविना चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका लांबरुंद आढळला आहे. प्रसूतीच्या तारखेचेही तसेच आहे. शंभरातली जेमतेम पाच बाळे वर्तवलेल्या दिवशी जन्मतात. जे पुस्तक एक आकडा न सांगता पल्ला सांगते, आणि रडणे साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोचून तीन-चार महिन्यांत ओसरते हे आधीच कानावर घालते, ते पालकांना खरा धीर देते. ठरावीक आठवड्यांत बाळ रात्रभर झोपेल अशी हमी मुखपृष्ठावरच देणाऱ्या पुस्तकांविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

गर्भातच बाळाला बुद्धिमान करण्याचे आश्वासन देणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख टाळता येत नाही, कारण त्यांना मागणी भरपूर आहे. मोझार्टच्या संगीताने बुद्धी वाढते ही समजूत १९९३ मधील ज्या प्रयोगावरून पसरली, तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला होता आणि त्यात दिसलेला परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला होता. बाळांचा त्यात कोठेही संबंध नव्हता. याउलट, १९८६ मधील एका अभ्यासात गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आईने रोज मोठ्याने वाचलेली गोष्ट नवजात बाळे जन्मानंतर ओळखतात, असे दिसले होते. गर्भातले बाळ आईचा आवाज ऐकते, इतके यातून म्हणता येते. त्याच्या पलीकडची आश्वासने देणाऱ्या लेखकाकडे आधी पुरावा मागावा.

पुस्तक केव्हा मिटवून दवाखान्यात धाव घ्यायची, हेही पुस्तकानेच सांगायला हवे. रक्तस्राव, दृष्टी अंधूक होऊन असह्य डोके दुखणे, चेहऱ्यावर अचानक सूज, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे ही गर्भारपणातली लक्षणे, आणि तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, दूध ओढेनासे होणे, जन्मापासून चोवीस तासांच्या आतच त्वचा पिवळी दिसणे ही नंतरची लक्षणे मध्यरात्री घाबरलेल्या माणसालाही चटकन सापडतील अशा ठिकाणी असावीत. तीनशे पानांत विखुरलेली तीच माहिती निरुपयोगी ठरते.

आता वाचनाच्या वेळेविषयी. ग्रंथालयात परत येणाऱ्या या विषयावरील पुस्तकांची पूर्वार्धातली पाने हाताळून मऊ झालेली असतात, उत्तरार्धातली जवळजवळ कोरी. नऊ महिने गर्भाची आठवडेवार वाढ वाचण्यात जातात आणि बाळंतपणानंतर पुस्तक धरायला हात मोकळा राहत नाही. वास्तविक प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांची प्रकरणे सातव्या-आठव्या महिन्यातच वाचून व्हायला हवीत, आणि ती वाचण्यात बाळाच्या वडिलांनीही वाटा घ्यावा. बाळंतिणीच्या मनःस्थितीचे प्रकरण तर त्यांनीच आधी वाचलेले बरे. पहिल्या काही दिवसांतला रडवेलेपणा बहुधा दोन आठवड्यांत सरतो. त्यानंतरही उदासी टिकली तर तो आजार असू शकतो, आणि जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजाराला, प्रामुख्याने नैराश्याला, सामोरे जावे लागते. त्याच्या चाळणीसाठी १९८७ पासून दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली वापरात आहे. ती, किंवा निदान तिचा उल्लेख, ज्या पुस्तकात नाही, त्याच्या लेखकाने आईचा पुरेसा विचार केलेला नाही असे मी समजते.

एक प्रकरण तर याहूनही आधीचे आहे. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा जिच्यातून घडतो, ती नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळ स्त्रियांना गर्भ राहिल्याचे कळण्याच्याही आधी. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेण्याचा सल्ला त्यामुळे मूल हवे असे ठरवतानाच वाचला पाहिजे.

आपणांस विनंती अशी की, यापुढे अशी यादी छापताना प्रत्येक पुस्तकापुढे सुधारित आवृत्तीचे वर्ष आणि लेखकाचे शिक्षण किंवा अनुभव द्यावा, तसेच मूल होण्याआधी, गर्भारपणात आणि प्रसूतीनंतरच्या काळासाठी वाचायची पुस्तके वेगवेगळी दाखवावीत. छपाईपूर्वी एखाद्या प्रसूतितज्ज्ञाने किंवा बालरोगतज्ज्ञाने ती यादी नजरेखालून घातली, तर कालबाह्य झालेली दोन-चार नावे त्यातून सहज गळतील. यापूर्वी छापलेल्या यादीला पूरक म्हणून एवढी माहिती पुढच्या रविवारी देता आली, तरी ज्यांनी ते कात्रण जपून ठेवले आहे त्यांना तिचा उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक ग्रंथालय कर्मचारी