राजदूत सुरू झाली, आभार राहिले होते

वडिलांची राजदूत १७५ मोटरसायकल दहा वर्षं गोठ्याच्या कडेला पोत्याखाली उभी होती. गेल्या रविवारी ती चौथ्या किकला सुरू झाली आणि धुरामुळे शेजारच्या काकूंना वाळत घातलेले पापड आत न्यावे लागले. काकू, आधी तुमची माफी, मग बाकीच्यांचे आभार.

सगळ्यात जास्त बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्या मामांचे. कनेक्टिंग रॉडचा वरचा बुश, म्हणजे पिन ज्यात बसते ती धातूची नळी, झिजून पिस्टनची पिन खुळखुळत होती, आणि बाजारातून आणलेला बुशही सैलच. मामांनी पिन बोटांत फिरवून पाहिली, कानडीत 'आगतैत्री' (होईल हो) म्हणाले आणि जेवणाच्या सुट्टीत गनमेटलचा नवा बुश कातून दिला. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने आत सरकली, ना घट्ट ना ढिली. पैसे? फक्त चहाचे.

खानापूरच्या आजोबांना दंडवत. मी कार्बोरेटर तीनदा खोलून बसलो होतो. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "धूर पांढरा येतोय काय रे?" दोष क्रँकच्या ऑइल सीलचा, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीचा निघाला. टू-स्ट्रोक इंजिन तिथूनच गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळत होतं. मूळ पोलंडच्या एसएचएल मोटरसायकलवरून घेतलेलं १७३ सीसीचं साधं इंजिन, पण मला पुरून उरलं.

गंज काढायला टाकीत नट आणि चिंचेचं पाणी घालून हलवायला सांगणारी आई, सहा व्होल्टचा बल्ब जपून ठेवणारे खडे बाजारातले दुकानदार, तुमचेही आभार.

मामा, शनिवारी गाडीवरूनच येतो.