सुरसागर तलावाजवळच्या गजरेवाल्या काकूंचे आभार

गेल्या पावसाळ्यात माझ्या स्कूटरला ट्रकची धडक बसली. हाड तीन महिन्यांत जुळलं, पण हॉर्न वाजला की छाती धडधडायची, हात गार पडायचे. वडोदऱ्यातच वाढलेली मी, रस्ता ओलांडेना. एका संध्याकाळी दांडिया बाजाराच्या तोंडाशी अशीच थिजले होते. काकू, तुम्ही टोपली तशीच सोडून आलात. ओला मोगरा माझ्या तळहातावर ठेवलात. "वास घे गं, घाई नाही." तीन वेळा सिग्नल बदलला, तुम्ही हलला नाहीत. मग नुसती करंगळी धरून पलीकडे नेलंत. पैसेही घेतले नाहीत.

पुढे समुपदेशक बाईंनी हेच शिकवलं: भीती दाटली की दिसणाऱ्या पाच गोष्टी मोजायच्या, मग स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. माझी मोजणी मोगऱ्यापासूनच सुरू होते.

काल शहरातल्या मांडवी दरवाजापर्यंत एकटी चालत गेले. काकू, मनापासून आभार.