स्टेंटला पैसे आहेत, निदानालाही द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: हृदयविकाराच्या तपासण्यांचा खर्च बाह्यरुग्णांसाठीही शासनाने उचलण्याबाबत

स. न. वि. वि.

मी हडपसरला जनरल प्रॅक्टिस करते. माझ्याकडे मार्केट यार्डातले हमाल येतात, रिक्षावाले येतात, सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाची कामं करणाऱ्या बायका येतात. त्यांच्यापैकी कोणी म्हणालं, "जिना चढताना छातीत भरून येतं, थांबलं की बरं वाटतं," की पुढे कोणत्या तपासण्या करायच्या हे मला ठाऊक असतं. त्या करायला समोरच्या माणसाकडे पैसे नसतात. आणि नेमक्या याच टप्प्यावर शासनाची मदत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल माझी तक्रार नाही. बायपास होऊन पुन्हा भाजीच्या गाड्यावर उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत, योजनेशिवाय ते शक्य नव्हतं. पण ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. दुखणं हृदयाचंच आहे का, असेल तर औषधांवर भागेल का, हे सांगणाऱ्या टूडी इको (ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र), स्ट्रेस टेस्ट (चालायला लावून काढलेला ईसीजी), सीटी अँजिओग्राफी (सीटी स्कॅनने धमन्यांचं चित्र) या तपासण्या करून जो घरी जाणार, त्याने खिशात हात घालायचा. मग लोक पित्ताच्या गोळ्या खात महिने काढतात. नाहीतर कोणीतरी सुचवतं, "ॲडमिट व्हा, सगळं योजनेत बसेल," आणि ज्याला कदाचित गरजच नव्हती अशा माणसाच्या मनगटातून किंवा जांघेतून हृदयापर्यंत अँजिओग्राफीची नळी जाते.

हार्ट अटॅक आलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला ताबडतोब कॅथलॅबमध्येच (नळी घालून अडलेली धमनी उघडतात तिथे) न्यायला हवं, तिथे स्कॅनची चर्चा करत बसायचं नाही. मी बोलते आहे ते चालल्यावर दुखतं आणि थांबल्यावर दुखायचं थांबतं अशा रुग्णांबद्दल. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये अशा रुग्णांसाठी सीटी अँजिओग्राफी ही पहिली तपासणी ठरवली. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य सोडायचं, काही सेकंद श्वास रोखायचा, आणि हृदयाच्या धमन्यांचं चित्र मिळतं. ते स्वच्छ आलं तर हृदयाच्या धमन्यांची काळजी जवळजवळ मिटते.

स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांवर झालेल्या स्कॉट-हार्ट अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. नेहमीच्या तपासण्यांच्या जोडीला सीटी झालेल्या गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण २.३ टक्के होतं, ज्यांची सीटी झाली नाही त्यांच्यात ३.९ टक्के. ऑपरेशनं जास्त झाली म्हणून हा फरक पडला नाही. धमनीत चरबी साचू लागल्याचं लवकर दिसलं, म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन आणि ॲस्पिरिन योग्य माणसांना वेळेवर सुरू झालं. या गोळ्या स्वस्त आहेत. त्या कोणाला द्यायच्या हे कळणं आपल्याकडे महाग आहे.

२०२० मध्ये इस्केमिया हा मोठा अभ्यास आला. ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही होते. त्रास स्थिर असेल आणि मुख्य डाव्या धमनीत अडथळा नसेल, तर औषधांच्या जोडीला लगेच स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) किंवा बायपास केल्याने मृत्यू किंवा अटॅक कमी झाल्याचं दिसलं नाही. छातीतलं दुखणं मात्र जास्त कमी झालं, तेही महत्त्वाचं आहेच. केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधवेष्टित स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली, फार चांगलं केलं. तो स्टेंट हवा की नको हे ठरवणारी तपासणी मात्र आपण रुग्णाच्या ऐपतीवर सोडली.

आता इकोबद्दल, कारण ते माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं आहे. बाळंत होऊन दोन-तीन महिने झालेली मुलगी येते. धाप लागते, पाय सुजलेत, रात्री आडवं झालं की गुदमरतं म्हणून बसून झोपते. घरचे म्हणतात बाळंतपणाचा अशक्तपणा. डॉक्टरही रक्तवाढीच्या गोळ्या नाहीतर दम्याचा पंप देऊन मोकळे होतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाचेक महिन्यांपर्यंत काही बायकांचं हृदय असं अचानक कमजोर पडतं. टूडी इकोला ना सुई लागते ना किरणोत्सर्ग, वेळ लागतो अर्ध्या तासाच्या आत. हृदयाने दर ठोक्याला आतलं निम्म्याहून अधिक रक्त पुढे ढकलायला हवं, माझ्या एका रुग्णाचं पाव भागावर आलं होतं. सरकारी तारीख लांबची मिळाली, म्हणून तिच्या भावाने उसने पैसे आणून इको बाहेर करवून घेतला. औषधं सुरू झाली, ती आज बरी आहे. ज्यांना असे उसने मिळत नाहीत, त्यांचं काय होतं ते मला कळतही नाही, कारण त्या परत येत नाहीत. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्या कितीतरी बायकांचा आजारही असाच पहिल्या गरोदरपणात उघडा पडतो.

म्हणून माझी विनंती आहे की डॉक्टरच्या चिठ्ठीवर, लक्षणं असलेल्या रुग्णाचा इको, स्ट्रेस टेस्ट आणि सीटी अँजिओग्राफी योजनेत बाह्यरुग्ण म्हणून, ठरलेल्या दराने व्हावी. सरसकट सगळ्यांची तपासणी मी मागत नाही. होर्डिंगवरच्या हार्ट चेकअप पॅकेजसारखं तर अजिबात नको. मूत्रपिंडं कमजोर असलेल्यांना सीटीतल्या रंगद्रव्याचा धोका असतो, नाडी फार अनियमित असलेल्यांना, धमन्यांत खूप कॅल्शियम साचलेल्यांना सीटीचा उपयोग कमी, अशा सगळ्यांसाठी स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेला इको) किंवा थॅलियम स्कॅन (किरणोत्सर्गी द्रव्याने हृदयाचा रक्तपुरवठा पाहणं). हे निकष हृदयरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या आणि पाळायला लावा.

नुसतं सीटीचं यंत्र घेऊन भागणार नाही. ठोक्याशी जुळवून चित्र घेणारी प्रणाली लागते, नाडी साठच्या आसपास आणावी लागते, आणि तो अहवाल वाचता येणारा माणूस लागतो. यंत्राचं उद्घाटन होऊन तंत्रज्ञाची जागा रिकामी राहते, हे कृपया इथे होऊ देऊ नका.

पुण्यात ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, औंधचं जिल्हा रुग्णालय आपल्याकडे, कमला नेहरू रुग्णालय पुणे महापालिकेकडे आणि वायसीएम (यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय) पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे. कुठे, कोणत्या वारी इको होतो आणि तारीख किती लांबची मिळते, हे मला आजही ओळखीतून फोन करून विचारावं लागतं. चारही ठिकाणची ही माहिती दर आठवड्याला एका जागी प्रसिद्ध व्हावी. त्यासाठी आपण, वैद्यकीय शिक्षण मंत्री आणि दोन्ही महापालिका आयुक्त यांची एक बैठक पुण्यात घ्यावी. बोलावलंत तर माझ्या रुग्णांचे कागद, नावं झाकून, मी स्वतः घेऊन येईन.

आपली नम्र,
हडपसरमधील एक फॅमिली डॉक्टर, पुणे