उतरवलेल्या माळेविषयी

दादर, मुंबई

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आपण रोज बोलतो, तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण एक गोष्ट बाबांना तोंडाने सांगण्याचे धैर्य मला गेल्या साडेचार महिन्यांत झाले नाही. केमोसाठी छातीत पोर्ट, म्हणजे औषध सोडायची कातडीखालची नळी, बसवला त्या दिवशी परिचारिकेने गळ्यातले सगळे काढून ठेवायला सांगितले आणि मी तुळशीची माळ उतरवली. बाबा, आळंदीला तुम्ही ती माझ्या गळ्यात घातलीत तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि “आता ही देहाबरोबरच जायची” असे तुम्ही म्हणाला होतात. भूल चढेपर्यंत मला गाठीची नव्हे, त्या वाक्याची भीती वाटत होती. पोर्टच्या जागी मणी घासतात म्हणून माळ पुन्हा घातलेली नाही. ती यांच्या शर्टाच्या खिशात असते.

आई, तू पाठवलेला बुक्का मी कपाळी लावते, परंतु तुळशीची पाने आणि चंद्रभागेचे तीर्थ तसेच राहिले. केमोच्या लाल औषधानंतर दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली येतात की कच्चे पान आणि न उकळलेले पाणी डॉक्टरांनी सक्त मना केले आहे. माळ नाही, तुळस नाही, तीर्थ नाही, मग वारकऱ्याची लेक म्हणून माझ्याजवळ राहिले काय, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

राहिले ते वारीचे मुक्काम. एकूण सोळा सलाइन आहेत असे कळले त्या रात्री मी वहीत सोळा ओळी आखल्या आणि तारखांऐवजी नावे लिहिली. दर तीन आठवड्यांनी येणाऱ्या लाल औषधाच्या चार सलाइनना आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी; मग आठवड्याला एक अशा बारांना वाल्ह्यापासून वाखरीपर्यंत. मुक्काम कमी पडले म्हणून नीरास्नान आणि चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगणही मी यादीत घेतले आहे, त्याबद्दल बाबांनी रागावू नये. काल दहावे सलाइन झाले, म्हणजे आम्ही फलटणला पोहोचलो. वाखरीनंतर शस्त्रक्रिया आहे. तिला मी अजून नाव दिलेले नाही.

सासवडचा टप्पा फार जड गेला. तीन दिवस पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हते, आणि नवव्या दिवशी ताप 101 वर गेला तेव्हा मध्यरात्रीच इस्पितळ गाठावे लागले. त्या रात्री मी हरिपाठ म्हणायला घेतला, तर जन्मभर पाठ असलेल्या ओळी आठवेनात. “रामकृष्णहरी” एवढेच जिभेवर राहिले. मला बरे कर, असे मी एकदाही म्हटले नाही, आणि हे मी मोठेपणाने सांगत नाही, ते मागणे मला सुचलेच नाही. दिवेघाट चढताना वर बघायचे नाही, पुढच्याच्या टाचा बघायच्या, असे बाबा सांगत असत, तेवढेच त्या तापात आठवत राहिले.

पुढच्याच्या टाचा मला या धर्मशाळेत रोज दिसतात. आमच्या शेजारच्या खोलीत बिहारच्या एक बाई आहेत, ज्यांचे उपचार माझ्या तीन महिने पुढे आहेत. त्यांच्या डोक्यावर आता बोटभर केस आले आहेत, आणि त्या रोज सकाळी मला त्यावरून हात फिरवायला लावतात. ही धर्मशाळा गाडगेबाबांच्या नावाची आहे. पंढरीला येऊनही गाडगेबाबा देवळात न जाता वाळवंट झाडत, ही गोष्ट तुम्ही आम्हांला लहानपणी सांगायचात, तेव्हा मला ती थोडी हट्टीपणाची वाटे. त्यांच्या नावाच्या छपराखाली राहू लागल्यापासून तसे वाटत नाही.

एका नातेवाइकांनी हे पूर्वजन्मीचे भोग असल्याचे मला भेटून सांगितले. त्यांना चहा दिला. याहून अधिक लिहिण्याजोगे त्यात काही नाही.

आई, आता तुझ्याविषयी. मी बरी झाले तर तू अनवाणी वारी करशील, असा नवस तू बोलली आहेस, हे मला कळले आहे. कोणी सांगितले ते विचारू नकोस. तुझी साखर किती असते आणि मागच्या वर्षी टाचेची जखम भरायला किती महिने लागले, हे तुला आठवत असेलच. विठोबाशी सौदा करायचा नसतो, हे या घरात मी तुम्हा दोघांकडूनच शिकले, तेव्हा चप्पल घालूनच चालावे आणि ते देवाला माझ्या वतीने सांगावे, अशी विनंती आहे.

बाबा, संध्याकाळी हरिपाठाला तुम्ही फोन चौरंगावर ठेवता आणि संपल्यावर तो बंद करायचे विसरता. त्यानंतर मला गोठ्यातल्या घंटा ऐकू येतात, भांडी ऐकू येतात, आणि मीठ जास्त झाल्यावरून तुम्हा दोघांचे चाललेले बोलणेही ऐकू येते. बहुतेक दिवशी मला त्यातच झोप लागते. फोन कसा बंद करायचा ते दादाने तुम्हांला शिकवायला घेतल्याचे वहिनींकडून समजले. कृपा करून शिकू नका.

आपली लेक