शनिवारी नववीच्या वर्गात ऱ्हाईन नदीची बैठक

नववीचे विद्यार्थी आणि पालकहो,

येत्या शनिवारी सकाळी ८ वाजता शाळेच्या व्हरांड्यात भूमिकानाट्य आहे. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेल्या पाण्यासोबत कीटकनाशकं ऱ्हाईनमध्ये गेली. खाली जर्मनीपर्यंत मासे मेले, नेदरलँड्सला नदीचं पाणी घेणं थांबवावं लागलं. वरच्याची चूक खालच्यानं का भोगावी, यावर मुलं बाजू मांडतील. आपल्या वर्धा-वैनगंगेचं पाणीही प्राणहितेतून पुढे तेलंगणाकडे जातं. म्हणून हा विषय मुद्दाम घेतला.

– गट चार : स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स. चिठ्ठ्या शुक्रवारी मधल्या सुट्टीत निघतील. देश बदलून मिळणार नाही.
– घरच्या पिण्याच्या पाण्याची एक बाटली आणा. विहीर की हातपंप, ते वर लिहा. फ्लोराइड तपासू, लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी पिण्याजोगं नाही.

कपाशीवर फवारणी करणाऱ्या पालकांनी जरूर यावं. पंप कुठे धुता, उरलेलं औषध कुठे जातं, हे मुलांना तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे. औषधाचे रिकामे डबे मात्र कोणीही आणू नयेत.

– वर्गशिक्षिका