केंद्रकाची छिद्रे म्हणजे नुसती भोके नव्हेत

महोदय,

पेशीच्या आकृतीत केंद्रकाच्या आवरणावर चार ठिपके काढले की केंद्रकछिद्रांचा विषय संपतो, याची खंत वाटते. १९५० मध्ये कॅलन आणि टॉमलिन या शास्त्रज्ञांनी उभयचरांच्या अंडपेशींत ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. प्रत्येक छिद्राभोवती सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांचे कडे असते, तेही ८ सारख्या भागांचे. बेडूक घ्या, माणूस घ्या, मांडणी तीच. प्राणी नसलेल्या यीस्टमध्येसुद्धा, फक्त आकार लहान. केवढी जुनी ही रचना असेल! मधल्या पोकळीत लवचीक प्रथिनतंतूंची दाटी असते. लहान रेणू त्यातून सहज जातात, मोठ्यांना मात्र वाहक प्रथिनांचा हात धरावा लागतो. पाठ्यपुस्तकांत निदान एका छिद्राची मोठी आकृती तरी द्यावी.

– एक विज्ञानप्रेमी वाचक